शिगेचं माप

माझ्या भावाला दोनपर्यंत मोजता येत नाही, असा शेरा राष्ट्रीय शिबिराच्या वहीत आहे. मी तो माझ्या डोळ्यांनी वाचलाय. लिहिणाऱ्याला एकदा आमच्या गुंद गावच्या खळ्यावर उभं करावं अशी माझी फार इच्छा होती, पण तो काही इतक्या आत जंगलात यायचा नाही. आला तरी बूट घालून येईल.

सुदेश रिंगांवर खेळतो. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उंच चौकटीवरून दोन पट्टे खाली सोडलेले असतात, त्यांच्या टोकांना दोन लाकडी रिंगा. त्या इतक्या उंच की उडी मारून हात पोचत नाही. प्रशिक्षक कमरेला धरून वर उचलतो आणि बाजूला होतो. पुढं सगळं एकट्याचं. झोका घ्यायचा, उलटं व्हायचं, आणि मधेमधे हवेत थांबायचं. दोन्ही हात दोन्हीकडं ताठ पसरून उभं थांबायचं, नाहीतर जमिनीला समांतर आडवं थांबायचं. पट्टे हलता कामा नयेत, अंग थरथरता कामा नये. सगळे त्या हात पसरण्याला क्रॉस म्हणतात. आमची आई बुजगावणं म्हणते. प्रत्येक थांबा दोन सेकंदांचा. त्याहून कमी थांबलं की पंच गुण कापतात. जास्त थांबलं म्हणून मात्र कुणी काही देत नाही.

हा सगळा खेळ आमच्या अंगणात लक्ष्मण मास्तरांमुळं आला. खानापूरकडचे मास्तर, आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. शाळेचं छप्पर त्यांना भरवशाचं वाटलं नाही, म्हणून त्यांनी आमच्या फणसाच्या आडव्या फांदीला दोरानं दोन वेताची कडी बांधली. सुदेश तेव्हा नऊ वर्षांचा होता, मी तेराची. "दोन मोजायचं आणि मग हलायचं," एवढं सांगून मास्तर रामनगरची शेवटची बस पकडायला पळाले. घरात घड्याळ नव्हतं. बाबा वर्षापूर्वीच गेले होते. फणसाखाली आई भात मोजत बसली होती.

आता आईचं मोजणं समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. भाताची रास मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. हे पुष्कळ ठिकाणी आहे. पण आईची पायली काठापर्यंत भरली म्हणजे भरली असं होत नाही. ती वरून ओंजळीनं भात घालत राहते, माथ्यावर टोक येईपर्यंत. टोकावरचे दाणे आपोआप घरंगळायला लागले की ती थांबते. त्या टोकाला शीग म्हणतात. मग पायली पोत्यात उपडी होते आणि आई म्हणते, "दोन." पुन्हा शीग. फणसाला लटकलेल्या पोरानं हेच दोन उचलले. 'लाभ'ला थांबायचं, 'दोन'ला थांबून राहायचं, आणि शिगेचे दाणे घरंगळेपर्यंत हलायचं नाही. साऱ्या जगात दोन एवढेच असतात असं समजून तो रोज संध्याकाळी खांदे जाळून घ्यायचा.

सतराव्या वर्षी पहिल्यांदा राज्याच्या स्पर्धेला गेला, तेव्हा बुजगावणं करून इतका वेळ राहिला की पंचाला वाटलं पोरगं वर अडकलं. त्यानं शिडी आणायला माणूस पाठवला. शिडी येईपर्यंत हा खाली उतरून नमस्कार करून मोकळा. तिथंच बेळगावच्या दत्तप्रसाद सरांनी त्याला पाहिलं आणि आपल्याकडं नेलं. तेव्हा त्याचा एकेक थांबा पाच सेकंदांचा होता; पुढच्या वर्षांत सरांनी ते पाच साडेतीनवर आणले. त्याखाली मात्र ते कधी गेले नाहीत. सरांनी जीव टाकला, वरच्यांनी शेरे लिहिले, पण जित्याची खोड ती.

ही गोष्ट यंदाची आहे. सुदेश तीस वर्षांचा झाला. या खेळात तीस म्हणजे लोक पेन्शनीची चौकशी करतात. तरी परदेशातल्या एका मोठ्या चषकासाठी त्याची निवड झाली होती. त्या शहराचं नाव आईला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही, म्हणून मीही ते लिहीत नाही. स्पर्धेला पाच आठवडे उरले असताना त्याला दहा दिवस विश्रांतीसाठी घरी पाठवलं. विश्रांती कसली, हे त्यानं सांगितलं नाही. मी गुंदच्याच मराठी शाळेत शिकवते, सासर रामनगरचं असलं तरी शाळेच्या दिवसांत आईकडंच असते. तेव्हा रोज त्याचं तोंड बघत होते. काहीतरी लपवत होता एवढं कळत होतं.

चौथ्या दिवशी दत्तप्रसाद सर आले, न सांगता.

त्या दिवशी खळ्यावर आमची आणि शेजारच्या परशूकाकांची अशा दोन राशी होत्या. गुंदमध्ये रास कुणाचीही असो, पायली आईच्या हातात देतात. वाटणीवरून भाऊ भाऊ वर्षभर बोलत नसले तरी केशरनं, म्हणजे आमच्या आईनं, मोजलेल्यावर कुणी तोंड उघडत नाही. मोजणी चालू असताना खळ्यात चपला घालून यायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. आई पंधराव्या पायलीवर असताना सरांचे पांढरे बूट खळ्यात शिरले.

"मावशी, मी दत्तप्रसाद. सुदेशचा..."

आईनं मान वर केली नाही. मीच धावले. "सर, बूट काढा. आणि तोंड मिटा." दुसरं वाक्य मला असं म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. सर हातात बूट घेऊन फणसाखाली जाऊन उभे राहिले. पाऊण तास उभे होते. मी उकडलेले कंद आणि गूळ नेऊन दिला, तेव्हा त्यांचा राग थोडा उतरला. कंद त्यांना आवडले. दोनदा मागून घेतले.

रास संपली, आईनं माप पालथं घातलं, हात धुतले आणि ती आली.

"लई येळ उभं केलं सर तुमाला. पर मधीच तोडलं तर रास रुसती."

"मावशी, मी तुमच्याकडं एक मागायला आलोय." सरांनी खिशातून मोबाईल काढला, दुसऱ्या खिशातून घड्याळ काढलं, ते बटण दाबून चालू-बंद करायचं. "तुम्ही या मोबाईलमध्ये मोजायचं. लाभ, दोन. पण माझ्या घड्याळावर. दोन सेकंद झाले की मी हात करीन, तुम्ही 'बस' म्हणायचं. एवढंच. ते मी त्याला रोज कानात ऐकवणार."

"आनि शीग?"

"शीग नको."

 सुदेश अंगणाच्या कडेला उभा होता. सरच बोलत राहिले. "सगळं करून बघितलं आम्ही. शिट्टी, टाळी, यंत्राचा ठोका. वर गेला की याचे ओठ बघा तुम्ही, लाभ म्हणतो. त्याच्या डोक्यात माझा आवाज नाही, तुमचा आहे. सहा ठिकाणी थांबतो. प्रत्येक ठिकाणी दीड सेकंद जादा. नऊ सेकंद झाले, मावशी. नऊ सेकंद तो तिथं फुकट लटकतो. त्याचं कुणी काही देत नाही."

"शिगेचं कुनीच काय देत न्हाई सर," आई म्हणाली. "म्हनून तर ती शीग."

मला हसू आलं आणि बरं वाटलं. सरांना नाही वाटलं.

"कमी माप माझ्या तोंडातनं काढून न्यायला एवढ्या लांब आलासा व्हय? मी मेल्यावर माझा आवाज राहील त्या फोनमदी, आनि त्यो कमी मोजत बसंल. न्हाई जमायचं. जेवून जावा."

असं म्हणून ती उठलीच होती. तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले, "त्याच्या डाव्या खांद्यात स्नायू फाटलाय. तुम्हाला सांगितलं नसेल त्यानं."

आई उभ्याची खाली बसली.

"डॉक्टर म्हणतात, असाच खेळला तर फायनलपर्यंत टिकणार नाही. आणि तिथं पहिल्या तिघांत आला तरच शिबिरात राहील. नाहीतर नाव काढणार. मी नाही काढणार, वरचे काढतील. तीस वर्षांच्या माणसाला पुन्हा कोण बोलावतंय. ही एकच संधी आहे. मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पण तो खांदा तुमच्या शिगेनं खाल्लाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "खांदा तुमच्या शिबिरानं खाल्लाय सर," मी म्हटलं. "सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, तेरा वर्षं. त्याचं माप कुणी काढलं नाही, आणि आईचा दीड सेकंद बरा सापडला." आणखीही पुष्कळ बोलले असते, पण आईनं हात वर करून मला थांबवलं.

"सुदेश. डावा हात वर कर."

सुदेशनं हात वर केला. कानापर्यंत आला आणि तिथं थांबला. त्याचं तोंड बदललं नाही, पण हात पुढं गेला नाही. चार दिवस तो कळशी उजव्या हातानं का उचलत होता ते मला तेव्हा कळलं, आणि इतके दिवस कळलं नाही म्हणून माझी मलाच चीड आली. आई त्या हाताकडं बघत राहिली. तिला रडू येत होतं. आमच्याकडं परक्यासमोर रडत नाहीत, म्हणून तिनं पदरानं उगाच तोंडावरचा भाताचा कोंडा पुसला.

मग तिनं सरांना विचारलं, "गुन कसं देत्यात ते सांगा मला. समजंल असं सांगा."

सर शिक्षक माणूस, विचारलं की फुलतात. त्यांनी सांगितलं, गुणांचे दोन वाटे असतात. एक वाटा, तुम्ही किती आणि किती अवघड गोष्टी केल्या त्याचा. जेवढं घालाल तेवढा वाढत जातो. दुसरा वाटा दहापासून सुरू होतो, आणि जेवढ्या चुका तेवढा कापत नेतात. दोन्हींची बेरीज करायची. त्यांचा बेत असा होता की, सगळे थांबे दोन सेकंदांवर आणायचे, वाचलेल्या ताकदीत एक सातवा थांबा घालायचा आणि पहिला वाटा वाढवायचा.

"म्हंजे एक किती घातलं त्याचं," आई म्हणाली, "आनि एक कसं घातलं त्याचं."

"बरोबर."

आई रिकाम्या खळ्याकडं बघत बसली. यंदा आमचं निम्मं भात गव्यांनी खाल्लं होतं. राशीचा ढीग बघून परशूकाका हळहळले होते.

"देवाला आमी दरसाल सा पायल्या काढतो," ती म्हणाली. "यंदा भात कमी आलं. तर मी सा उथळ न्हाई घातल्या. पाच घातल्या, शिगेच्या. आनि देवाला सांगितलं, बाबा यंदा पाच." मग ती सुदेशकडं वळली. "सातवं बुजगावनं नगं. सावंबी नगं. पाच कर. पर करशील ती भरून कर."

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "मावशी, तिथं देव नाही, पंच बसतात. एक थांबा काढला की पाच दशांश गेले. मग पदक विसरा."

सुदेश त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "सर, सात उथळ केले तर पदक मिळंल?"

"मिळू शकेल."

"शकंल," सुदेश म्हणाला. "मग पाच भरून."

"मग मी तुला नेत नाही. राखीव आहे, त्याला नेतो."

"न्या. पर बघून न्या."

त्यानं शर्ट काढला. फणसाला आता वेताची कडी नव्हती, तीन वर्षांपूर्वी त्यानं खऱ्या रिंगा आणून टांगल्या होत्या. हाताला खडूची पावडर लावून तो खाली जाऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला. सर रागानं लाल झाले होते. नेणार नाही म्हणाले होते. तरी ते उठले, त्याच्या मागं गेले आणि त्यांनी त्याला कमरेला धरून वर उचललं. तेरा वर्षांची सवय, ती भांडणात सुद्धा सुटली नाही. त्यासाठी मी त्या माणसाला आधीचं सगळं माफ केलं.

सुदेशनं दात आवळून डावा हात कानापुढं नेला, रिंग धरली, आणि आईनं मोजलं. लाभ. दोन. शीग. पाच वेळा. सर घड्याळ धरून उभे होते. पाचही वेळा साडेतीन सेकंद. पट्टे हलले नाहीत, खांदा थरथरला नाही, फणसाचं पानही हललं नाही. सुदेश खाली उतरला तेव्हा त्याचा श्वास सुद्धा फार चढला नव्हता. सरांनी घड्याळ पुन्हा एकदा बघितलं आणि खिशात टाकलं.

"सोमवारी बेळगावला ये," ते म्हणाले. "आणि मावशी, ते कंद थोडे बांधून द्या."

पाच आठवडे त्याचा फोन आला की आई एकच विचारायची, "खांदा?" तो म्हणायचा, "हाय जागेवर." पात्रता फेरीत तो आठवा आला. फायनलला आठच जण घेतात. आठवा आला म्हणून वरच्यांपैकी कुणीतरी त्याला म्हणालं की, खेड्यातली हट्टी माणसं इथपर्यंतच येतात. हे त्यानं मला सांगितलं, आईला नाही. मी ते नाव लिहून ठेवलंय.

फायनलच्या दिवशी आम्ही माळावरच्या खडकावर गेलो. गुंदमध्ये नेट मिळतं ते तिथंच. दुपारचे तीन वाजले होते. मी दगडाला टेकवून मोबाईल उभा केला. आई समोर मांडी घालून बसली. परशूकाका आले, मागं दहा-पंधरा माणसं आली. सुदेशचा नंबर सहावा होता. त्याच्या आधीचे पाच जण बघून घेतले. शरीरं म्हणाल तर घडवलेली, एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे. पण आई तोंडातल्या तोंडात मोजत होती, आणि दुसऱ्या नंबरचा तर 'लाभ' म्हणून संपायच्या आत पुढं सरकायचा. "हे काय मोजनं म्हनायचं?" आई म्हणाली. त्याला पंचांनी कापलंही, पण त्यानं इतकं काही घातलं होतं की कापून सुद्धा उरलं. तो वरच राहिला.

सुदेशचं नाव पडद्यावर आलं. मी मागं वळून बघितलं तर सगळ्यांनी चपला काढून खडकाखाली ठेवल्या होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. केशर मोजायला बसली होती, एवढं पुरे होतं. कुणी खोकलं सुद्धा नाही.

सरांनी त्याला उचललं आणि ते बाजूला झाले.

"लाभ," आई म्हणाली. तो आडवा थांबला, पाण्यावर पान थांबावं तसा. "दोन." शीग झाली. दुसरा थांबा, तिसरा. आईचा आवाज पहिल्यापासून एका पट्टीत होता, खळ्यावर असतो तसा. चौथ्या थांब्याला तो उलटा होता, पाय वर, हात दोन्हीकडं पसरलेले, आणि पट्टे भिंतीला टेकवल्यासारखे स्थिर. परदेशातल्या त्या हॉलमध्ये सुद्धा शांतता पडल्याचं फोनमधून कळत होतं. मग झोका, आणि शेवटचं बुजगावणं.

"लाभ."

डावा खांदा थरथरला. आधी किंचित, मग पडद्यावर दिसेल इतका. सरांनी दोन पावलं पुढं टाकली, झेलायला जावं तशी.

"दोन," आई म्हणाली. आणि लगेच, "बस. बस झालं. सोड लेकरा, सोड."

मी आईकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं असेल. माझ्या उभ्या आयुष्यात मी आईला माप अर्ध्यावर सोडताना बघितलं नव्हतं. तिचे दोन्ही हात पुढं आले होते, ओंजळ धरल्यासारखे.

सुदेशनं सोडलं नाही. मानेच्या शिरा उभ्या राहिल्या, तोंड काळंनिळं झालं, आणि तो थरथरणारा खांदा थरथरायचा थांबला. कसा थांबला ते मला माहीत नाही. एक सेकंद गेला. अर्धा गेला. मग त्यानं झोका घेतला, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि तो गादीवर उतरला. एक पाऊल मागं गेलं. पंचांना हात दाखवायचा असतो, तो त्यानं उजवाच दाखवला. डावा खाली लोंबत होता.

गुण आले. पहिला वाटा पाच पूर्णांक एक, आठ जणांत सगळ्यात कमी. दुसरा वाटा नऊ पूर्णांक एकशे तेहतीस हजारांश. आठ जणांत सगळ्यात जास्त. सातवा खेळून झाला तरी तो तिसरा होता. शेवटच्यानं त्याला खाली ढकललं. तेहतीस हजारांश गुणांनी चौथा.

 मग परशूकाका सुस्कारा टाकून म्हणाले, "आनि एक घातलं असतं तर..."

"काका," मी म्हटलं, "पुढच्या साली तुमची रास मोजताना आईला सांगू का, दोन पायल्या जास्त दिसू देत, शीग नको म्हणून?"

काकांनी खाली बघितलं आणि चपला शोधायला लागले. म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, पण त्या एका 'असतं तर'चं वजन मला कुणी सांगू नये. उथळ घातलं असतं तर खांदाही राहिला असता आणि पदकही आलं असतं, हे म्हणणं सोपं आहे. खडकावर बसून तर फारच सोपं आहे.

अर्ध्या तासानं फोन आला. आधी सर बोलले. वरच्यांचा निरोप आलाय, शिबिरातून नाव कमी केलंय. त्यांना सांगताना जड गेलं. मग म्हणाले, "मावशीला एक सांग. म्हातारा पंच होता एक, उठून माझ्याकडं आला. विचारलं, या माणसाला मोजायला कुणी शिकवलं. तीस वर्षांत असे दोन सेकंद बघितले नाहीत म्हणाला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, आमच्याकडं एक बाई भात मोजते."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकून आईच्या हातात दिला. सुदेशचा आवाज आला, दमलेला, पण पडलेला नाही.

"आई, बघितलंस?"

"बघितलं."

"मोजलंस?"

 खोटं बोलून त्याचं समाधान करणं आईला सहज जमलं असतं. पण माझी आई मापात खोटं बोलत नाही.

"चार बरोबर मोजली," ती म्हणाली. "पाचवं मी दोनवरच सोडलं. बस म्हनलं. तुझा खांदा बघवंना मला. कमी मोजलं मी, सुदेश."

पलीकडं कुणाचं तरी राष्ट्रगीत वाजत होतं. ते संपेपर्यंत तो थांबला.

"कमी कुठं झालं?" तो म्हणाला. "शीग मी घातली की."

आईनं फोन छातीशी धरला आणि सगळ्या गावासमोर रडली. तिनं पदर तोंडाला लावला नाही, कोंड्याचं निमित्तही केलं नाही.